शिशाच्या पलटणींची ओळख

मेजावर दोन-अडीचशे शिशाचे शिपाई मांडून युद्धाचा खेळ सुरू झाला, की समोरची पलटण कोणती, तिच्यात लढण्याजोगी माणसे किती उरली आणि तिला मिळालेला हुकूम कोणता, या तीन प्रश्नांची उत्तरे खेळाडूला पाहताक्षणी मिळावी लागतात. ती न मिळाली तर सेनापतीची प्रतिभा बाजूला राहते आणि सारी संध्याकाळ हुज्जतीत जाते. म्हणूनच या छंदात शिपाई रंगविण्याच्या कलेइतकीच त्याची ओळख पटविण्याची विद्याही जुनी आहे.

तिचा पहिला शास्त्रशुद्ध आविष्कार प्रशियात झाला. ब्रेस्लाऊ येथील युद्धखात्याचे सल्लागार गेओर्ग लेओपोल्ड फोन राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म यास युद्धखेळाचे एक मेज नजर केले; पुढे तोफखान्यात लेफ्टनंट असलेल्या त्यांच्या पुत्राने तो खेळ १ : ८००० प्रमाणाच्या नकाशावर आणून १८२४ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध केले. त्यात एका पक्षाचे ठोकळे तांबडे आणि दुसऱ्याचे निळे असत. प्रत्येक ठोकळ्यावर पायदळ, रिसाला वा तोफखाना दर्शविणारी खूण असे. आणि खरी तुकडी रणभूमीवर जेवढी जागा अडवील तेवढीच जागा तो ठोकळा नकाशावर अडवीत असल्याने त्याचा आकार हीच त्याची अर्धी ओळख होई. शत्रूचा ठोकळा मात्र तो दृष्टिपथात आल्याचे पंचाने ठरविल्यावाचून नकाशावर मांडला जात नसे, आणि हानीचा हिशेब पंचाच्याच हाती राही. कोणती माहिती कोणास द्यावी आणि कोणापासून राखावी हा विवेक या विद्येत आरंभापासून होता, तो असा.

विसाव्या शतकात सैनिकी दप्तरातला हा खेळ घराघरांत शिरला. विल्यम ब्रिटन यांच्या इंग्लिश कारखान्याने १८९३ पासून शिशाचे पोकळ शिपाई स्वस्तात ओतण्यास प्रारंभ केला, आणि एच. जी. वेल्स यांनी १९१३ च्या ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकात त्यांच्या लढाईचे नियम घालून दिले. वेल्स यांच्या खेळात खेळण्यातली तोफ खरोखरच लाकडी गोळा फेकी. जो शिपाई आडवा झाला तो मेला, आणि त्यापुढे नोंदीची गरजच उरत नसे. परंतु डोनल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ च्या ‘वॉर गेम्स’ या पुस्तकानंतर जी परंपरा रुजली, तिच्यात तोफेची जागा फाशांनी आणि कोष्टकांनी घेतली. हानी कागदावर लिहिली जाऊ लागली, आणि खाते कोणाच्या नावे मांडावयाचे हे ठरल्यावाचून खर्च टाकता येत नाही, त्याप्रमाणे प्रत्येक पलटणीस स्वतंत्र नाव असणे अपरिहार्य झाले.

या अडचणीवरचा एक सुंदर तोडगा फिल बार्कर आणि त्यांचे वॉरगेम्स रिसर्च ग्रुपमधील सहकारी यांनी प्रचारात आणला. १९९० मध्ये निघालेल्या ‘डीबीए’ या प्राचीन युद्धांच्या नियमावलीत प्रत्येक पक्षाला अवघे बारा घटक मिळतात, आणि पंधरा मिलिमीटरचे शिपाई वापरल्यास प्रत्येक घटकाच्या बैठकपट्टीची, म्हणजे ‘बेस’ची, दर्शनी रुंदी चाळीस मिलिमीटर ठेवावी लागते. दर्शनी बाजू समान. भेद काय तो खोलीत आणि माणसांच्या संख्येत. पंधरा मिलिमीटर खोलीच्या पट्टीवर दाटीने उभे असलेले चौघे भालाईत, वीस मिलिमीटरच्या पट्टीवर विरळ ठेवलेले दोघे गोफणकरी, चौरस पट्टीवर एकटाच हत्ती, अशी ही रचना एक अक्षरही न लिहिता दलाचा प्रकार सांगून जाते.

परंतु प्रकार कळला म्हणजे व्यक्ती कळली असे नव्हे, आणि याचा प्रत्यय आणून देणारी लढाई आपल्याच मुलखातली आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ असई येथे, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी जनरल आर्थर वेलस्लीची गाठ पडली. त्याच्या ७४ व्या आणि ७८ व्या या दोन्ही हायलंडर पलटणींचे डगले तांबडेच. गळपट्टी आणि मनगटपट्टी मात्र पहिलीची पांढरी, दुसरीची फिकट बदामी. त्याच रंगाची जमीन असलेल्या निशाणावर पलटणीचा क्रमांक घालण्याचा शिरस्ता इंग्लंडात १७५१ च्या राजाज्ञेपासून होता. परंतु बोटाच्या पेराएवढ्या शिपायाच्या हातातील तो क्रमांक तीन हातांवरून कोण वाचणार? आणि तो वाचणे तर अगत्याचे, कारण हुकूम समजण्यात झालेल्या चुकीमुळे ७४ वी पलटण असई गावाच्या तोफांपुढे सापडून तिचे बहुतेक सर्व अधिकारी ठार वा जखमी झाले, तर ७८ वी केळणेच्या बाजूने व्यवस्थित पुढे सरकली. या दोहोंची अदलाबदल झाली तर त्या दिवसाचा इतिहासच उलटा होतो. पलीकडे शिंद्यांच्या फौजेतील पोलमनचे कवायती कंपू आणि बेगम समरूच्या पलटणी यांच्या गणवेशाचा तपशील ब्रिटिशांइतका सुबोध नसल्याने तेथे चिठ्ठीवाचून गत्यंतरच नाही.

ही चिठ्ठी कोठे लावावी, यावर खेळाडूंत दोन पंथ आहेत. सौंदर्यवादी पंथ ती पट्टीच्या तळाशी दडवितो, आणि मग दर खेपेस पलटण उचलून पाहण्याची पाळी येते. व्यवहारवादी पंथ ती दर्शनी काठावर ठळक छापतो, आणि रणभूमीचे रूप बिघडून शत्रूलाही फुकटची बातमी मिळते. मधला मार्ग असा, की नाव मागच्या काठावर बारीक अक्षरांत असावे, म्हणजे ते धन्यास दिसते आणि समोरच्यास दिसत नाही. पट्टीखाली लोहचुंबकाचा पातळ पत्रा लावून ती पोलादी तबकावर बसविली आणि चिठ्ठी तबकास डकविली, तर तेच शिपाई आज एका पलटणीचे आणि उद्या दुसरीचे काम करू शकतात. हानी, थकवा, फुटलेला धीर या पालटत्या गोष्टी मात्र कायमच्या खुणांत कधीच मिसळू नयेत. त्यांच्यासाठी सुटा मणी किंवा चिमुकला फासा पुरेसा होतो. स्थिर ते रंगाने, नाव ते अक्षराने आणि चल ते सुट्या खुणेने दाखवावे, हा या विद्येचा सारभूत नियम होय.

तेव्हा ज्या कोणा वाचकास असई किंवा पानिपत मेजावर उभे करण्याची हौस असेल, त्याने रंगाच्या डब्या उघडण्यापूर्वी पलटणींचा हजेरीपट लिहून काढावा. कुंचला मग कोठे चालवावयाचा, हे तो हजेरीपटच सांगेल.