हंगामाच्या उंबरठ्यावरचा फड

कार्तिकी पौर्णिमेला बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी लातूर, नांदेड, सोलापूर या भागांतून आणि कर्नाटकातूनही पायी दिंड्या येतात. मांजरसुंब्याजवळच्या दरीतील धबधब्याचा पावसाळी जोर तोवर ओसरलेला असतो आणि पहाटेच्या वाऱ्यात गारवा आलेला असतो. ही यात्रा सर्वस्वी भक्तीची. तथापि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका वेगळ्या वर्गाला ती पंचांगातील खुणेसारखी उपयोगी पडते. हा वर्ग कुस्तीशौकिनांचा. कार्तिक सरला की गावोगावच्या जत्रांचे दिवस जवळ येतात. आणि जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच.

खरा मोसम चैत्र-वैशाखातला. मोठी इनामे, नामांकित मल्ल आणि माळावर न मावणारी गर्दी तेव्हाची. मार्गशीर्षातला फड त्या मानाने गरीब असतो. गावाची वर्गणी तुटपुंजी, नामवंत पैलवान फिरकत नाहीत. फार तर आपल्या तालमीतील एखादा शागीर्द धाडतात. वृत्तपत्रांत या कुस्त्यांचा निकाल छापून येत नाही. असे असूनही जातिवंत शौकीन या फडाला चुकत नाही. सकाळी शेताला पाणी देऊन किंवा शाळेची हजेरी आटोपून तो एस.टी.ने निघतो, उरलेली वाट पायी तुडवतो आणि ऊन कलण्यापूर्वी हौदाच्या कडेला मांडी ठोकतो. पुढची जागा मिळाली पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट.

फडाची सुरुवात पोरासोरांच्या कुस्त्यांनी होते. रेवड्यांवर, नारळावर, मग शेल्या-फेट्यावर अशी पायरी चढत जाते. आठ-दहा वर्षांचे पोर लंगोट सावरीत मातीत उतरते, चिमूटभर माती कपाळाला लावते आणि समोरच्याच्या हाताला हात देते. हलगी कडाडते. जोड जुळवणारे पंच दोन पोरांना शेजारी उभे करून त्यांचे खांदे आणि मनगटे न्याहाळतात, तेव्हा कडेला बसलेल्या पंधरा जणांना पंचांपेक्षा अधिक कळत असते! कुणाला जोड विषम वाटते, कुणी पोराच्या बापाची कुस्ती आठवून सांगतो. पावसाळाभर तालमीत घुमलेली अंगे अद्याप जड असतात. पट काढायला पोर वाकते आणि दम कमी पडून तिथेच अडकते. ढाक लावताना पाय चुकतो. हे सारे दोष शौकिनाला दिसतात आणि ते पाहण्यासाठीच तो आलेला असतो. कोणता पोर चुकूनही हटला नाही, कुणाची मान बळकट आहे, कुणाला वस्तादाने नीट उभे केले आहे, याची मनातल्या मनात नोंद होते. चैत्रात त्याच पोराने आसमान दाखवले की ‘मी म्हटले नव्हते?’ असे म्हणण्याचा हक्क त्या नोंदीतून मिळतो. एखादा म्हातारा धोतराच्या सोग्यातून नोट काढून हरलेल्या पोराच्या हातावर ठेवतो, आणि ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव पुकारले जाते तेव्हा संकोचतो.

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम सुरू होण्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, सर्व व्यावसायिक संघ फ्लोरिडा आणि ॲरिझोना या उबदार राज्यांत सरावाचे सामने खेळतात. या सामन्यांतील जय-पराजय हंगामाच्या गुणतक्त्यात धरले जात नाहीत. प्रसिद्ध खेळाडू काही डाव खेळून मैदान सोडतात आणि त्यांच्या जागी अनोळखी पोरे येतात. तरीही प्रेक्षक तिकीट काढून जातात. निकालाचे ओझे नसलेला खेळ पाहण्यात एक निराळे सुख असते, आणि घडत असलेला खेळाडू पाहणे हे घडलेला खेळाडू पाहण्याहून कमी मोलाचे नसते. फरक इतकाच की तिथे त्या पोरांमागे धनाढ्य संघ उभे असतात. बालाघाटातील पोरामागे त्याचा बाप, वस्ताद आणि घरची एखादी म्हैस.

या मुलखाने मल्ल दिले नाहीत असे नाही. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदार यांनी 1970 साली एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. कपिलधारपासून फार दूर नसलेल्या पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी 2018 साली गोल्ड कोस्ट येथे तोच मान पटकावला आणि 2019 साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. आवारे यांना पुण्यात प्रथम बिराजदारांचेच मार्गदर्शन लाभले. मराठवाड्यातील दोन मल्लांची गाठ पडण्यासाठी दोघांनाही पुणे गाठावे लागले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

कार्तिक-मार्गशीर्षात या गावांतून आणखी एक प्रवास घडतो. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या मागेपुढे बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता मानला जातो आणि पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकातील कारखान्याच्या फडावर पाच-सहा महिने काढले जातात. भाषेचा योगायोग असा की उसाचाही फडच आणि कुस्तीचाही फडच. पोर कोणत्या फडात जाणार हे मात्र बापाच्या डोक्यावरील उचल ठरवते. हिवाळा हा पैलवानाचा कमाईचा काळ. थंडीत काढलेले जोर-बैठका आणि पचवलेला खुराक उन्हाळ्यात कामी येतो. तोडणी कामगाराचा मुलगा या काळात पहाटे तालमीऐवजी उसाच्या सरीत असतो. मोळ्या बांधतो, नाहीतर कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळतो. पाडव्याच्या सुमारास तो परततो आणि चैत्राच्या फडात उतरतो. अंगात कष्टाची ताकद असते, परंतु डाव नसतो. हौदाच्या कडेला बसलेला शौकीन तेव्हा हळहळतो, कारण याच पोराला त्याने दोन वर्षांपूर्वी हेरलेले असते.

स्थलांतरितांची मुले शाळेतून तुटू नयेत म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांतून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. आईबाप कारखान्यावर गेले तरी मूल गावातच राहावे आणि त्याला दोन वेळचे जेवण मिळावे, ही त्यामागची कल्पना. ती निःसंशय चांगली आहे. परंतु वसतिगृहाचा विचार हजेरीपट आणि जेवण यांपाशी थांबतो. ही वसतिगृहे नेमकी त्याच महिन्यांत चालतात ज्या महिन्यांत शरीर कमावायचे असते, हे कुणाच्या ध्यानी आलेले दिसत नाही. गावात तालीम असते, निवृत्त वस्ताद असतो, सकाळचा वेळ असतो. मोठ्या स्पर्धा आता गादीवर आणि सहा मिनिटांच्या हिशेबाने होतात, त्यामुळे पुढे गादी लागेलच; पण पहिली पाच वर्षे मातीवर भागते. खर्च येतो तो दुधाचा. तालुक्याच्या ठिकाणी प्रेक्षागार बांधण्याच्या घोषणा करणाऱ्यांनी हा दुधाचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

हा प्रश्न शिक्षकांच्या हातात अधिक आहे. कोणत्या मुलाचे आईबाप यंदा तोडणीला जाणार आहेत, हे दसऱ्यापूर्वी वर्गशिक्षकास ठाऊक असते. त्यांतला कोण मधल्या सुट्टीत साऱ्यांना लोळवतो, हेही ठाऊक असते. या दोन गोष्टी एकत्र करून मुलाला वसतिगृहात ठेवून घेणे आणि पहाटे वस्तादाकडे पाठवणे, एवढ्यासाठी शासकीय परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. मात्र बापाला ते पटवून द्यावे लागेल, आणि तेही टोळीची गाडी गावाच्या वेशीत उभी राहण्यापूर्वी.