मधुमेहींचे चुरचुरणारे डोळे

लालबाग-परळच्या धुळीत डोळे चुरचुरले की दोष धुळीलाच दिला जातो. मधुमेहींच्या बाबतीत मात्र कारण अनेकदा आतलं असतं. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलातल्या नसांची संवेदना कमी होते, अश्रू कमी पाझरतात, डोळा कोरडा पडतो.

आराम साध्या उपायांनी मिळतो. डॉक्टरांना विचारून कृत्रिम अश्रूंचे थेंब घालावेत, पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये, मोबाइल पाहताना आठवणीने पापण्या मिटाव्यात. गुलाबपाणी, मध नकोच. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर घातक: लाली झटकन उतरते, पण डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

खरा धोका दुखत नाही.

डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या झिरपू लागल्या, तरी सुरुवातीला दिसण्यात फरक जाणवत नाही. म्हणून टाइप 2 मधुमेहाचं निदान होताच, आणि पुढे साधारण दरवर्षी, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. मुंबईत परळला 1926पासूनचं केईएम रुग्णालय आहे, भायखळ्याला जे. जे. रुग्णालय; दोन्हीकडे नेत्रविभाग आहेत. तपासणीनंतर काही तास अंधुक दिसतं, तेव्हा सोबत कुणाला तरी न्यावं. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके तरंगू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.