कुपात खोलिमचे कार्ड सारखे, पण लाभ सारखा का नाही?

आपल्यातली काही वडीलधारी मंडळी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतात, कारण महिनाअखेरीस पैसे पुरत नाहीत. मुलांनाही ती हे सांगत नाहीत. म्हणून आज या विषयावर थोडे लिहीत आहोत.

राष्ट्रीय आरोग्य विमा कायदा १ जानेवारी १९९५ पासून लागू झाला. त्याआधी क्लालितमध्ये जायचे तर हिस्ताद्रूतचे सभासदत्व लागे आणि इतर कुपा म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाला नाकारू शकत. काही लोकांना तर विमाच नव्हता. आता क्लालित, मक्काबी, मेउखेदेत व लेउमित या चारही कुपांना वय किंवा आजार पाहून कुणालाही नाकारता येत नाही. उपचार व औषधांची मूळ यादी, म्हणजे 'साल', सर्वांना एकच. त्यासाठीचा आरोग्य कर बितुआख लेउमी गोळा करते.

मग फरक कुठे पडतो? तीन ठिकाणी.

पहिला फरक खिशाचा. आपल्यापैकी पुष्कळांनी गिरण्यांत, कारखान्यांत कमी पगारावर नोकरी केली. त्यामुळे पेन्शनही थोडे. औषधाचा काही भाग आपल्याला भरावा लागतो. 'शाबान' हा पूरक विमा ऐच्छिक आहे व त्याचा हप्ता वयाबरोबर वाढतो. ज्याला गरज जास्त, तोच पैशाअभावी तो सोडतो.

दुसरा फरक गावाचा. दिमोना, येरुखाम अशा गावी तज्ज्ञ डॉक्टर कमी. बेर शेवाला जायचे तर बस आणि सोबतीला माणूस हवा.

तिसरा फरक भाषेचा. हिब्रू बोलता येते, पण सरकारी पत्र वाचता येत नाही, आणि ते कपाटात पडून राहते.

यावर काय करता येईल?

पेन्शन अपुरे असेल तर बितुआख लेउमीकडे 'हाशलामत हाखनासा'साठी अर्ज करावा. ती मिळणाऱ्या वृद्धांना औषधांच्या आपल्या वाट्यात निम्मी सूट असते. जुनाट आजार असलेल्यांसाठी औषधखर्चाला कमाल मर्यादाही आहे. कुपाच्या कचेरीत विचारावे.

तातडीचा प्रसंग नसेल तर 'मियून'मध्ये जाण्याआधी डॉक्टरांची 'हाफनाया' घ्यावी, नाहीतर बिल घरी येऊ शकते. इस्पितळातील तपासणीसाठी 'तोफेस १७' आधीच मागावा.

कुपाने दाद दिली नाही तर आरोग्य मंत्रालयाच्या *५४०० या क्रमांकावर फोन करावा. सोबत हिब्रू वाचणारा नातू किंवा शेजारी बसवावा.

हा कर आपण आयुष्यभर भरला आहे. त्यामुळे हक्क मागण्यात लाज कसली? पुढच्या शब्बाथला सिनेगॉगमध्ये भेटाल तेव्हा शेजारच्या मावशींना किंवा काकांना एवढेच विचारा : "गोळ्या रोज घेता ना?"