बडतर्फ यंत्राची बहाली

कॅप्सूल घातली की एका वेळी एकच पेला कॉफी देणारे यंत्र पुण्या-मुंबईच्या एखाद्या कचेरीत काही वर्षे चाकरी करते, आणि ज्या दिवशी त्यातून पाण्याची धार येईनाशी होते त्या दिवशी, कसल्याही चौकशीवाचून बडतर्फ होऊन, भंगारात किंवा एखाद्या आप्ताच्या सामानातून बीड जिल्ह्यातील एखाद्या घराच्या माळ्यावर येऊन पडते. नेस्ले कंपनीचे स्विस अभियंते एरिक फाव्र यांच्या ज्या कल्पनेचे पेटंट 1976 साली नोंदले गेले आणि जी 1986 साली 'नेस्प्रेसो' या नावाने बाजारात आली, तिच्याच वंशातले हे यंत्र होय.

त्याचे कवच काढणे हीच पहिली अडचण. कारण काही यंत्रांचे स्क्रू अंडाकृती माथ्याचे असतात व नेहमीचा पेचकस त्यांना लागत नाही. एकदा ते निघाले, की बोअरच्या मोटारींचे वायंडिंग करण्यात ज्याची हयात गेली अशा मिस्त्रीला आत अपरिचित असे फारसे काही आढळत नाही. पंप म्हणजे तांब्याच्या तारेची कॉईल आणि तिच्या चुंबकत्वाने मागेपुढे सरकणारा लहानसा दट्ट्या; डायोडमुळे विजेचे अर्धेच आवर्तन मिळत असल्याने तो सेकंदाला 50 ठोके देतो. त्यापुढे धातूचा ठोकळा, ज्यातील नळीतून जाताजाताच पाणी तापते. आणि त्याला बिलगलेला थर्मल फ्यूज.

पुष्कळदा यांपैकी काहीच जळालेले नसते. खरा अपराधी असतो क्षार, जो त्या अरुंद नळीत साचून वाट अडवतो आणि उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून ते पंपाने आत ओढावे, काही वेळ मुरू द्यावे, आणि मग स्वच्छ पाण्याने यंत्र वारंवार धुवावे, एवढ्यानेच अनेक यंत्रे पूर्ववत होतात. मात्र फ्यूज उडाला असेल तर तो 'डायरेक्ट' करून देण्याची जी सवय आहे ती येथे सर्वथा त्याज्य मानावी. तेवढ्याच क्षमतेचा नवा फ्यूज बसवावा, कारण पाणी संपल्यावर तापत राहणाऱ्या ठोकळ्याला आगीपासून रोखणारा तोच अखेरचा पहारेकरी असतो.

राहिला प्रश्न कॅप्सूलचा. पाच-सहा ग्रॅम कॉफीसाठी ॲल्युमिनियमचे एक कवच दर पेल्याला फेकावे, ही कंपनीच्या हिशेबाची सोय. पुन्हा भरता येणारी स्टीलची कॅप्सूल घेतली, की बाजारातली कोणतीही दळलेली कॉफी चालते आणि कंपनीचा अंमल संपतो.

तरीही ही बहाली बिनशर्त नव्हे. काळ्या पाषाणातून खोल बोअरने वर आलेले येथील पाणी बहुधा जड. पाणी तापवायच्या हीटरवर चढणारा पांढरा थर ज्याने पाहिला आहे, त्याला याचा वेगळा दाखला नको. म्हणून यंत्र मालकाच्या हवाली करताना मिस्त्रीने दोन अटी बजावून सांगाव्यात : टाकीत जारचे शुद्ध पाणीच घालावे, आणि लिंबूसत्त्वाची धुलाई नियमाने करावी. त्या पाळल्या नाहीत, तर नीट दुरुस्त झालेले यंत्रही त्याच जुन्या दोषाने पुन्हा बंद पडेल, आणि त्या वेळी दोष यंत्राचा नसेल.