ड्रायर घूंऽ करतो, फिरत नाही

मे महिन्यात अकोला-अमरावतीत पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा ड्रायरची कुणाला आठवणही येत नाही. ती येते पावसाची झड लागली की. नेमका तेव्हाच तो घूंऽ करतो, पण फिरत नाही. ‘मोटर जळली’ असे घरात लगेच ठरते. बहुधा ती जळलेली नसते.

सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर कपडे तापवत नाही, गरगर फिरवून त्यांतले पाणी बाहेर फेकतो. घरच्या सिंगल फेज विजेवर त्याची मोटर आपणहून वेग घेत नाही. रुतलेल्या बैलगाडीच्या चाकाला खांदा द्यावा, तसा सुरुवातीचा रेटा कपॅसिटर (वीज साठवून सोडणारी डबी) देतो.

प्लग काढा, मागचे कव्हर उघडा, ड्रायरचे झाकण मात्र लावलेले ठेवा. मोटरवरचे चाक हाताने फिरवून पाहा. जड जात असेल, तर झाकण लागताच ब्रेक सोडवणारी तार सैल झालेली असते, नाहीतर टबाखाली एखादा हातरुमाल अडकलेला सापडतो. हलके फिरत असेल, तर संशय कपॅसिटरवर. प्लग काढल्यावरही त्यात वीज उरू शकते, म्हणून त्याची टोके उघड्या हाताने धरू नका. जुन्यावर छापलेल्याच मायक्रोफॅरडचा (क्षमतेचे माप) नवा मेकॅनिककडून बसवून घ्या.

तोवर ड्रायर नुसता घुमत ठेवू नका. तसा ठेवला, तर मोटर खरोखरच जळते.