शिडी टेकविण्यापूर्वी

दिवाळी आठ दिवसांवर आली की घराघरांतून पहिली हाक जाते ती शिडीला! माळ्यावरची पितळी भांडी, भिंतींवरची जळमटे, गॅलरीतला आकाशकंदील. शिडीवाचून सारेच अडते. एरवी वर्षभर जिन्याखाली पडलेल्या या बिचारीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आणि काम निघाले की तिच्यावर खुशाल जीव टांगतो!

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे रंगारी आला होता. सर्वांत खालच्या पायरीवर उभे राहून त्याने शिडी दोनदा दाबून पाहिली. "घट्ट आहे, वहिनी!" म्हणाला आणि सरसर वर गेला. छताशी पोचतो न पोचतो, तोच शिडीचे पाय फरशीवरून सरकले. मनगटावर निभावले, पण दीड महिना हात गळ्यात बांधलेला. रोजंदारीच्या माणसाला दीड महिना म्हणजे काय, हे त्याची बायको उरलेले पैसे न्यायला आली तेव्हा आम्हांला कळले.

खाली घट्ट वाटलेली शिडी वर गेल्यावर का सरकली? माणूस जसजसा वर चढतो, तसतशी शिडी भिंतीला अधिक जोराने रेटते, आणि तितक्याच जोराने तिचे पाय बाहेर निसटू पाहतात. त्यांना अडविते ते जमिनीचे घर्षण. गुळगुळीत लादीवर ते अपुरे पडते. म्हणून खालच्या पायरीवरची परीक्षा फसवी!

यावर उपाय सोपा आहे. शिडी 12 फूट उंचीवर टेकत असेल, तर तिचे पाय भिंतीपासून 3 फुटांवर हवेत. म्हणजे चारास एक. जमिनीशी होणारा कोन मग सुमारे 75 अंशांचा होतो. पायांना रबर हवे. आणि हात पुरत नाही म्हणून बाजूला झुकू नये. आपली बेंबी दोन्ही दांड्यांच्या आतच राहावी. खाली उतरून शिडी सरकविण्याचा आळस फार महाग पडतो.

पण सारी काळजी चढणाऱ्यानेच का घ्यावी? शिडीनेही जागेशी जुळवून घ्यायला हवे. 1862 साली अमेरिकेतील डेटन गावच्या जॉन बाल्स्ली या सुताराने चपट्या पायऱ्यांच्या, बिजागरीने मिटणाऱ्या घोड्याचे पेटंट घेतले. घोडा स्वतःच्या पायांवर उभा राहतो. त्याला भिंत लागत नाही. फळबागांत तीन पायांची शिडी वापरतात. चुलीचे तीन दगड जसे कधी डुगडुगत नाहीत, तशी ती उंचसखल मातीतही ठाम बसते. जिन्यासारख्या जागी एक पाय लांब नि एक आखूड करता येणाऱ्या शिड्या निघाल्या आहेत. अॅल्युमिनियमची शिडी हलकी खरी, पण तिच्यातून वीज वाहते. म्हणून विजेच्या कामाला फायबरग्लासची शिडी वापरतात, तीही कोरडी.

आता आमच्याकडे कामाला कोणीही येवो, शिडी आम्ही आमचीच देतो. तिच्या पायांना जाड रबर बसविले आहे, आणि माणूस वर असेपर्यंत घरातले कोणीतरी ती धरून उभे राहते. रबराला लागलेले पैसे त्या रंगाऱ्याच्या एका दिवसाच्या मजुरीहून कमी होते. ते आम्ही आधीच खर्च करायला हवे होते.