जिवंत दगड

(घरात मासे पाळण्याचा छंद अनेकांना असतो. समुद्रातील मासे पाळायचे असतील, तर टाकीत एक खास प्रकारचा दगड ठेवतात. तो दगड काय काम करतो, तो कसा निवडावा आणि कसा तयार करावा, हे या पाठात सांगितले आहे.)

दगड कधी जिवंत असतो का? तुम्ही लगेच म्हणाल, "नाही. दगड खात नाही, हलत नाही, वाढत नाही." तुमचे म्हणणे खरे आहे. तरीही मासे पाळणारे लोक एका दगडाला ‘जिवंत दगड’ म्हणतात. असे का, ते आपण पाहू.

काचेच्या टाकीत पोहणारे मासे तुम्ही पाहिले असतील. मासे खातात, श्वास घेतात आणि घाणही करतात. त्या घाणीतून आणि त्यांच्या कल्ल्यांतून अमोनिया नावाचा विषारी पदार्थ पाण्यात मिसळतो. समुद्र अफाट आहे, म्हणून तेथे माशांना त्याचा त्रास होत नाही. टाकीतील पाणी मात्र थोडे असते. ते डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण त्यात अमोनिया साठत जातो आणि मासे मरू लागतात.

येथे हा दगड मदतीला येतो. समुद्रात प्रवाळ, म्हणजेच पोवळे, नावाचे लहान प्राणी असतात. ते आपल्या शरीराभोवती चुन्याचे घर बांधतात. प्रवाळ मेले तरी ते घर उरते. लाटांनी त्याचे तुकडे होतात. या तुकड्यांना असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांत शेवाळ, स्पंज, किडे आणि कोट्यवधी जीवाणू राहू लागतात. दगड जिवंत नसतो. त्यात राहणारे भाडेकरू जिवंत असतात!

या भाडेकरूंपैकी सर्वांत उपयोगी म्हणजे जीवाणू. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच असते. दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना फार कमी अपाय करते. दगडाच्या आत खोलवर प्राणवायू पोहोचत नाही. तेथे राहणारे जीवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करतात आणि तो हवेत निघून जातो. अशा रीतीने दगड टाकीतील पाणी रात्रंदिवस साफ करत असतो. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ साली आपल्या टाक्यांविषयी एक लेख लिहिला. समुद्राचे पाणी, जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर ते समुद्री मासे पाळत. पुढे ही पद्धत अनेक देशांत पसरली.

पण याचा एक वाईट परिणाम झाला. दगडांना मागणी वाढली आणि लोक ते समुद्रातून काढून विकू लागले. ज्या फटींत मासे लपतात, खेकडे राहतात, त्या फटीच नाहीशा होऊ लागल्या. आपल्या टाकीतील चार मासे जगवण्यासाठी समुद्रातील शेकडो जिवांचे घर मोडावे, हे योग्य आहे का?

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याने १९८९ साली आपल्या हद्दीतील समुद्रातून असे दगड काढण्यावर बंदी घातली. १९९७ पासून त्या राज्याजवळच्या, केंद्र सरकारच्या हद्दीतील समुद्रातही अशी बंदी आली. मग तेथील काही लोकांनी दगडांची शेती सुरू केली! ते जमिनीवरील खाणींतून चुनखडीचे दगड आणतात. सरकारचा परवाना घेऊन ठरलेल्या जागी ते समुद्राच्या तळावर ठेवतात. काही वर्षांत त्यांवर जीव वस्ती करतात. मग तेच दगड बाहेर काढून विकतात. त्यामुळे मूळ प्रवाळखडकांना धक्का लागत नाही.

आपल्या देशात लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात येथे प्रवाळ आहेत. महाराष्ट्रात मालवणजवळच्या समुद्रातही ते आढळतात. २००१ साली प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. वाघाचे नावही त्याच परिशिष्टात आहे. म्हणून प्रवाळाचा तुकडा, मग तो मेलेला का असेना, समुद्रातून उचलून आणू नका.

तर मग दगड कसा निवडावा? दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा, "हा दगड कोठून आला?" समुद्रातून तोडलेला असेल, तर घेऊ नका. खाणीतील सच्छिद्र चुनखडीचा किंवा भट्टीत भाजून बनवलेला सच्छिद्र दगड घ्या. दगड हातात घेऊन पाहा. तो आकाराच्या मानाने हलका असावा. हलका दगड म्हणजे आत छिद्रे जास्त, आणि छिद्रे जास्त म्हणजे जीवाणूंना जागा जास्त. सपाट फरशीसारखे दगड टाळा. वेडेवाकडे, फटी असलेले दगड चांगले, कारण माशांना लपायला जागा मिळते.

आता दगड तयार करू. तो साध्या पाण्यात ब्रशने घासा. साबण मुळीच लावू नका. काही दिवस दगड पाण्यात भिजत ठेवा आणि पाणी बदलत राहा. मग एका मोठ्या टबात खारे पाणी तयार करा. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ लागते. हे मीठ स्वयंपाकघरातील नको. समुद्री माशांसाठी मिळणारे खास मीठ घ्या. दगड या पाण्यात ठेवा आणि पंपाने पाणी सतत फिरते ठेवा. दगडावर जीवाणू यावेत म्हणून चालू टाकीतील एखादा लहान दगड त्यात ठेवा, किंवा बाटलीत मिळणारे जीवाणू घाला. चिमूटभर माशांचे खाद्यही टाका. ते कुजते, अमोनिया तयार होतो आणि जीवाणूंना अन्न मिळते.

शेतीतून आलेला ओला जिवंत दगड असेल, तर प्रवासात त्यातील काही जीव मरतात. ते कुजले की सडक्या अंड्यासारखा वास येतो. असा दगड वेगळ्या टबात ठेवून मेलेला भाग ब्रशने काढा आणि पाणी वरचेवर बदला.

यानंतर वाट पाहायची. दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासा. तपासणीचे साहित्य दुकानात मिळते. आधी अमोनिया वाढतो, मग उतरतो. नंतर नायट्राइट वाढते आणि तेही उतरते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि वाईट वास उरला नाही, की दगड तयार झाला. यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही. तोवर टाकीत एकही मासा सोडू नका. घाईने सोडलेला मासा बहुधा मरतो.

दगड रचताना मोठे दगड टाकीच्या तळावर आधी ठेवा, वाळू नंतर घाला. वाळूवर दगड ठेवले, तर एखादा मासा खालची वाळू उकरतो आणि दगड कोसळतात. दगड काचेला टेकवू नका. मधून पाणी वाहील एवढ्या फटी ठेवा. शेवटी हाताने हलवून पाहा; एकही दगड डगमगता कामा नये. मग आधी एकच मासा सोडा.

मुलांनो, समुद्रात जे काम फार काळ चालते, ते आपण काही आठवड्यांत घरी सुरू करू शकतो. त्यासाठी समुद्राचे घर मोडावे लागत नाही. थोडा धीर मात्र धरावा लागतो.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टाकीतील पाण्यात कोणता विषारी पदार्थ साठतो?
(आ) हलका दगड चांगला का?

२. ‘दगड जिवंत नसतो; त्यात राहणारे भाडेकरू जिवंत असतात’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

३. पुढील शब्दांसाठी उर्दू शब्द लिहा : दगड, समुद्र, विष, घर, धीर.